यादीत ‘जाम’ लिहिलेला एक्सल

पिंपरीजवळ कारखान्याचं बांधकाम सुरू होतं, तेव्हा मी तिथे भांडारपाल होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लिलावात निघालेले लष्करी ट्रक आणि त्यांचे सुटे भाग आमच्याकडे यायचे. मी ते तपासून यादीत लिहायचो. मागचा एक्सल तपासायची माझी रीत ठरलेली होती. तो घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, चढवायचा आणि एक चाक हाताने फिरवायचं. दुसरं उलट फिरलं तर ‘ठीक’. दोन्ही एकाच दिशेने फिरली तर ‘जाम’, म्हणजे भंगार.

आमचे मिस्त्री चिंचवडच्या शेतकरी घरातले, लढाईच्या काळात लष्करी डेपोत शिकलेले. माझ्या यादीतला एक ‘जाम’ एक्सल त्यांनी मला न विचारता ट्रकला जोडला. ट्रक वळणावर कट्-कट् वाजू लागला. ड्रायव्हरने साहेबांकडे तक्रार केली, मी यादी पुढे केली.

साहेब मिस्त्रींना म्हणाले, “उद्या चाकणकडून खडी आणायची आहे. गाडी अडकली, तर परवापासून येऊ नका.”

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींसोबत मीही ट्रकमध्ये बसलो. येताना समोरून बैलगाड्या आल्या, म्हणून ड्रायव्हरने ट्रक कडेला घेतला आणि मागचं डावं चाक काळ्या चिखलात रुतलं. उजवं मात्र पक्क्या सडकेवर होतं.

“मिस्त्री, ‘गाडी अडकली’ असं लिहू का?” मी विचारलं.

“लिवा की. पर आदी खाली उतरून बगा.”

उतरलो. आता चिखलातलं चाक गरगरणार आणि सडकेवरचं ढिम्म उभं राहणार, हे मला पाठ होतं. तसं झालं नाही. दोन्ही चाकं एकदम, सावकाश फिरली. उजव्याने ओढ घेतली आणि भरलेला ट्रक वर आला.

मिस्त्रींनी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून दाखवली. “साध्या एक्सलात जे चाक सैल, तेच फिरतंय. ह्यात दातं दोनीबी चाकं धरून ठेवत्यात.”

“मग वळणावर?”

“भायेरचं चाक जास्ती पळतंय, तवा त्या अंगाचं दातं आपसूक सुटत्यात. वळण सरलं की स्प्रिंगा परत बसिवत्यात. त्योच त्यो आवाज. डायवरला काय बी करावं लागत न्हाई.”

दांडा नाही, खटका नाही. कधी धरायचं आणि कधी सोडायचं, हे त्या लोखंडाला आतून कळत होतं. इतकं शहाणं यंत्र मी तोवर हाताळलं नव्हतं, आणि हाताळलं तेव्हा त्यालाच भंगार ठरवलं होतं.

“असला आनी एक हुता न्हवं, भाऊसाहेब?”

होता. मागच्याच आठवड्यात मी तो भंगारवाल्याकडे पाठवला होता.

पोचताच साहेबांना सांगितलं, चूक माझ्या यादीची आहे, मिस्त्रींची नाही. मग आम्ही दोघे भंगारवाल्याकडे गेलो. त्याने घणाने वरचं कवच फोडलं होतं, आतले दाते शाबूत होते. मिस्त्रींनी ते धोतराच्या सोग्याने पुसले.

यादीत मी ‘जाम’ खोडलं आणि तपासणीच्या रीतीत एक ओळ वाढवली: दोन्ही चाकं एकाच दिशेने फिरली, तर मिस्त्रींना विचारणे.