बर्फाचा स्लॅब

सुहासिनीबाई दूधसुद्धा संशयाने हुंगून घेत. एडिनबरात इतकी वर्षं काढली, तरी शेजारीण गोड हसली की हिला काहीतरी हवं असणार, असंच त्यांना वाटे. नवरा शशिधर हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. आपली भूल फक्त घरात चालत नाही, असं ते म्हणत.

एक्याण्णवच्या फेब्रुवारीत मुलगी मंजिरी युनिव्हर्सिटीच्या क्लबाबरोबर केर्नगॉर्मच्या डोंगरात बर्फ चढायला निघाली. ऐनवेळी सगळे फ्लूने गळाले आणि उरला एकटा नॉटिंगहॅमचा उदय. सगळ्यांना एकदम फ्लू? बाईंना त्यात पाणी मुरताना दिसलं. पण पोरगी हट्टाला पेटली आणि गेलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा हॉस्टेलवरून फोन आला. रात्रभर वारं सुटलं होतं आणि उदय म्हणत होता की आज वर जायचं नाही, रूमवरच बसू. तिला मात्र जायचं होतं.

"का नको म्हणतो तो?"

"नॉर्थ साइडला विंड स्लॅब झालीय, आई. तो ना, जास्तच वरी करतो."

स्लॅब हा शब्द बाईंच्या घरचा होता. त्यांचे वडील पुण्यात बिल्डिंगची कंत्राटं घेत. स्लॅब पडला की अप्पा पेढे वाटत आणि आता वर हत्ती नाचवा म्हणत. मग पक्क्या स्लॅबला हा पोरगा भितो कशाला? भितो कसला, दिवसभर खोलीत बसायचा बहाणा शोधतोय मेला!

"स्लॅब आहे ना? मग बिनधास्त जा वर," त्या म्हणाल्या. "त्याच्याबरोबर खोलीत बसू नकोस."

आईच्या तोंडून 'जा' ऐकून मंजिरी हरखली आणि तिने फोन ठेवला.

दुपारी जेवताना बाईंनी नवऱ्याला आपली हुशारी ऐकवली. शशिधरांचा घास हातातच राहिला. वाऱ्याने थापलेला तो थर वरून टणक दिसतो, पण खालच्या भुसभुशीत बर्फाला धरून नसतो, ते सांगू लागले. पाय पडला की अख्खा उतार माणसासकट खाली येतो. तशी माणसं त्यांच्या ऑपरेशन टेबलावर आली होती.

हॉस्टेलचा फोन लागेना. बाई रिसीव्हर धरून बसल्या. जन्मभर सगळ्यांवर संशय घेतला आणि विश्वास ठेवला तो नेमका या स्लॅबवर. पोरीला आपणच वर ढकललं, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

अंधारून आल्यावर फोन वाजला. हॉस्टेलची लाइन दुपारभर बंद होती. मंजिरी चांगलीच चिडलेली होती.

"उदयने माझे बूट लपवून ठेवले, आई. दिवसभर रूममध्येच होतो, दोघंच. आता तू अँग्री होणार, आय नो."

बाईंना हुंदका आवरेना. पदराने नाक पुसून त्या म्हणाल्या,

"उद्याही तिथंच बसा. आणि बूट त्याच्याकडेच राहू देत."