तिन्हीसांजेचं विरजण

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात अर्जुनाला अकरा वर्षं झाली होती आणि अकराही वर्षं तो रोजंदारीवर होता. प्रयोगशाळेतलं काचसामान धुणं हे त्याचं काम. प्राध्यापक मंडळी "ए अर्जुना" म्हणायची आणि बोट दाखवायची. बोटाच्या दिशेला जे खरकटं असेल ते धुवायचं. त्याच्या हातून एक नळी कधी फुटली नाही, पण न फुटलेल्या काचेची दखल कोण घेतो?

शहाण्णव साली पद्मा मॅडम आल्या. मूळच्या वाईच्या, परदेशात शिकलेल्या, आणि येताना बर्फात जपून चार नळ्या घेऊन आलेल्या. नळ्यांत जंतू होते. साधेसुधे नव्हेत, त्यांच्यात दुसऱ्याच एका जंतूचा गुण मुद्दाम घातला होता. साखर कारखान्याची मळी खायला घातली की ते अंगात एक पांढरा पदार्थ साठवायचे, आणि त्या पदार्थाचं मातीत कुजून जाणारं प्लास्टिक व्हायचं. मळीच्या वासानं नाक दाबणाऱ्या सांगलीत हे कुणाला खरं वाटेना. अर्जुनाला मात्र लगेच पटलं.

"म्हंजी विरजणच की, मॅडम."

मॅडम हसल्या. "हो, विरजणच. आणि ते आता तुम्ही सांभाळायचं." असं म्हणून त्यांनी एक नळी त्याच्या हातात दिली.

हातात दिली, हे मॅडमच्या ध्यानातही राहिलं नसेल. अर्जुना ते कधी विसरला नाही. शिराळ्याकडच्या त्याच्या गावात त्याची आई, पारूबाई, तरुणपणी पाटलाच्या दारात विरजण मागायला जायची. तिथं ते लांबूनच वरून ओतलं जायचं, आणि पुष्कळदा तेवढंही नाही. "दिवेलागण झाली, आता विरजण देत न्हाईत," असं सांगून तिला परत लावायचे. छप्पनच्या धर्मांतरात घरातले देव गेले, उपासतापास गेले, पण तिन्हीसांजेला विरजण द्यायचं नाही हे एवढं एक पारूबाईनं घट्ट धरून ठेवलं. तिला हाकलायची सबब तिनं स्वतःच्या घरात रीत म्हणून आणली. माणूस मोठा विचित्र प्राणी आहे.

दर आठ दिवसांनी अर्जुना तारेची कडी ज्योतीवर लाल करायचा, निवली की जुन्या नळीतला टिपूस नव्या नळीत न्यायचा. नव्या नळीत आधी एका औषधाचे आठ थेंब टाकायचे. का टाकायचे ते मॅडमनी सांगितलं नव्हतं. त्यानंही विचारलं नव्हतं; अकरा वर्षांत त्याला विचारायची सवय कुणी लावलीच नव्हती.

मॅडमनी वर लिहून पाठवलं होतं, की जानेवारीत पुण्याची समिती येईल तेव्हा जंतूंनी पदार्थ करून दाखवला तर काम पुढं चालावं आणि अर्जुनाची जागा कायम व्हावी. 'कायम' हा शब्द त्याची बायको अंजना दिवसातून चारदा उच्चारायची, आणि उच्चारून झाल्यावर नजर लागू नये म्हणून जीभ चावायची.

ऑगस्टमध्ये वीज कमीजास्त होऊन खालचा मोठा फ्रीज जळाला. त्यात गोठवून ठेवलेल्या मूळ नळ्या सगळ्या नासल्या. त्याच आठवड्यात मॅडमच्या आईचं अर्धं अंग लुळं पडलं आणि त्यांना वाईला जावं लागलं. जाताना म्हणाल्या, "आता तुमच्याकडचंच काय ते उरलंय, अर्जुना. कराडच्या कॉलेजातल्या अवधूत सरांना कळवलंय. ते येतील, त्यांना एक नळी द्या. दोन ठिकाणी असलेलं बरं."

अवधूत सर आले ते एस.टी.च्या खोळंब्यानं दिवेलागणीला. अर्जुना कुलूप लावत होता.

"आवं सर, ह्या वक्ताला न्हाई देत. सकाळच्याला या, ताजं काढून ठिवतो."

सर हसले, घड्याळ बघितलं, "येईन परत कधीतरी" म्हणाले आणि गेले. ते परत आले नाहीत. अर्जुनाला त्याचं काही वाटलं नाही. उलट बरंच वाटलं. त्याच्या घराण्यात आजवर कुणाच्या दारात असा मोठा माणूस विरजण मागायला आला नव्हता.

मग त्याची नजर त्या औषधाच्या बाटलीवर गेली. हेच नाव पारूबाईच्या गळवाला सिव्हिलमधून दिलेल्या गोळ्यांवर होतं. डॉक्टर म्हणाले होते, जंतू मारायचं औषध आहे. आता ज्यांना जगवायचं त्यांनाच जंतू मारायचं औषध? मॅडमच्या डोक्याला आईचा घोर, काहीतरी चुकलं असणार. त्यानं आधी आठाचे चार थेंब केले. मग तेही बंद. आणि काय सांगावं, नळ्या अशा भरू लागल्या! पूर्वीची ती पिठूळ, मरगळलेली साय गेली आणि तुकतुकीत, गुबगुबीत थर आला. औषध सुटलेल्या पोरानं बाळसं धरावं तसा. मॅडमना कधी एकदा दाखवतो असं त्याला झालं.

मॅडम नोव्हेंबरात परतल्या. त्यांनी नळी उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला. काळा रंग घालून मायक्रोस्कोपखाली पाहिलं. एक बघितली, दुसरी बघितली, सगळ्या बघितल्या. कशातच त्या पांढऱ्या पदार्थाचे कण नव्हते.

"औषध टाकत होता ना?"

अर्जुनानं खरं ते सांगितलं. मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळू आवाजात समजावू लागल्या. घातलेला गुण हे त्या जंतूंना ओझं असतं. औषधात जगायची युक्ती त्या ओझ्यातच बांधलेली असते, म्हणून औषध असेतो ते वाहतात. औषध सुटलं की ओझं टाकणारेच जोमानं वाढतात. "तुम्ही जगवलेत खरे, पण ते आता कुणीतरी दुसरेच आहेत."

"परदेशातनं परत न्हाई का येणार?"

"ते आता एका कंपनीच्या मालकीचं झालंय. देणार नाहीत." मग एकदम त्यांचे डोळे उजळले. "अरे, पण अवधूत सर! त्यांच्याकडची नळी तर आधीची आहे!"

अर्जुनाला वाटलं, ही जमीन आत्ता दुभंगावी. त्यानं खाली बघून सांगितलं. दिवा लागला होता, म्हणून दिलं नाही.

मॅडमनी हातातली नळी खाली ठेवली आणि त्या खुर्चीत बसल्या.

समिती आली, चहा पिऊन गेली. काम बंद झालं, मॅडम वाईला निघून गेल्या, आणि मार्चअखेर अर्जुनाची रोजंदारीही सुटली. अंजनानं 'कायम' हा शब्द पुन्हा उच्चारला नाही.

एप्रिलातल्या एका तिन्हीसांजेला शेजारची आम्रपाली वाटी घेऊन दारात आली. अंजना सवयीनं म्हणाली, "सकाळी ये गं." अर्जुना उठला. त्यानं चमचाभर विरजण तिच्या वाटीत घातलं आणि वाटी तिच्या हातात दिली.

अंजनाची नजर लागलेल्या दिव्यावर गेली. तिनं सासूकडं बघितलं.

पारूबाई भिंतीला टेकून बसली होती. ती बोलली.

"पाटलीण दिवेलागण झाली म्हनून मला परत लावायची नव्हं, तवा अंगणात लख्ख ऊन असायचं. मला दिसायचं रं, अर्जुना."

"मग आदी का न्हाई सांगितलंस, आई?" त्यानं विचारलं.

पारूबाईनं पदर तोंडाला लावला.