वच्छलाबाईच्या फोटोला हार

आमच्या शेजारची वच्छलाबाई गेली, अशी बातमी गेल्या भाद्रपदात पार परळीपर्यंत जाऊन पोचली. बाई त्या वेळी माझ्या ओट्यावर बसून माझ्याच डबीतली तंबाखू मळत होती. तिला मारली ती मीच.

झालं असं. दुष्काळाच्या साली आमच्या साखर कारखान्यानं जनावरांची छावणी उघडली. वच्छलाबाई दोन गाई घेऊन चार महिने तिथंच राहिली. एका गाईच्या खांद्याला जखम होती, माश्या हटेनात, म्हणून हिनं डोईवरचा पदर काढून जखमेवर धरला. नेमका तेव्हाच पुण्याचा एक फोटोवाला समोर आला.

"थांबा वं, पदर घेऊ द्या," ती म्हणाली.

"काढा फोटो सायेब, असंच लई भारी दिसतंय," मी मागून बोललो. थट्टा करायची, मला तेवढंच येतं.

दोन वर्षांनी कारखान्याच्या वार्षिक सभेला त्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. माणसाएवढाले चेहरे, काचेच्या चौकटीत. माझाही होता, घमेल्यात पेंड कालवताना दात काढणारा. बाकी सगळ्यांच्या डोळ्यांत दुष्काळ, अन् मी आपला लग्नाला आल्यासारखा.

वच्छलाबाई स्वतःच्या फोटोसमोर उभी राहिली आणि अंगावरचा पदर कपाळापर्यंत ओढत गेली. फोटोतलीला ओढता येत नव्हता ना.

"गहिनीनाथ, उघड्या डोक्याची लावली रं मला. माहेरच्या कुणी बघितलं तर?"

"वैनी, माहेरचं कोण येतंय तुमच्याकडं?"

बोललो अन् जीभ चावली. वडिलांच्या जमिनीतला हिस्सा सोडल्याच्या कागदावर तिनं अंगठा दिला नाही, म्हणून तिच्या परळीच्या भावानं, तात्याबानं, अकरा वर्षं तिचा उंबरा ओलांडला नव्हता.

"वरून झाक कायतरी," एवढंच बोलून ती गावाकडच्या जीपकडे निघून गेली.

टेबलावर चेअरमनच्या सत्काराचे हार उरले होते. त्यातला झेंडूचा एक मी चौकटीवर असा चढवला, की डोकं झाकलं. फोटोला हार म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं कसं म्हणू? कळत होतं, म्हणून तर हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याबा आमच्या गल्लीत टेम्पोतून उतरला. तिकडच्या कुण्या सभासदानं हार बघून त्याला फोन केला होता. काखेत हिरवी साडी. सवाष्ण बहिणीच्या मातीला भावानं न्यायची, माहेरची शेवटची.

"माती झाली का?" त्यानं मलाच विचारलं.

माझ्या मागून वच्छलाबाई उठली. तात्याबानं तिच्याकडं पाहिलं, अन् साडी पाठीमागं लपवली. मी हाराचं सगळं सांगून टाकलं. यानं चप्पल काढली तर बरं, असं वाटत होतं. त्यानं काढली नाही. पायरीवर बसला.

"बहीण मेल्यावर आलो मी," जमिनीकडं बघत तो म्हणाला. "कागद चुलीत घालतो. त्याच्यापायी येणं-जाणं असंच मागं राहिलं बघ सगळं."

वच्छलाबाईनं त्याच्या पाठीमागची साडी ओढून घेतली. घडी मोडून काठ पाहिला, खांद्यावर टाकली.

"साडी नेसते मी, तात्याबा," ती म्हणाली. "कागद चुलीत घाल नाहीतर ठेव. मेलेल्या हाताचा अंगठा घेतला असतास, तो आता न्हाई भेटायचा."