फोंडाघाटात शिजलेला हार

मोटारीचा श्वास कोंडता येतो, हे मला लग्नानंतरचा पहिला दसरा येईपर्यंत ठाऊक नव्हतं. सासऱ्यांच्या विलायती गाडीला मी हार घातला. हार कसला, पूजेच्या नावाखाली चक्क गळा दाबला तिचा. पण त्या वेळी मला विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं की अख्ख्या मालवणात असा हार कुणाच्या गाडीला झाला नसेल. त्यात काही खोटं नव्हतं म्हणा.

साठ सालच्या आगेमागेची गोष्ट. मी कोल्हापूरची. सातवी पास, रांगोळीत बक्षीस मिळवलेली, आणि त्या बक्षिसामुळे जगातलं सगळं सजवण्याचा ठेका आपल्याकडे आहे असं मानणारी. नवरा मुंबईला नोकरीला आणि मी मालवणात सासू-सासऱ्यांपाशी. घरात त्यामुळे परमुलखातून आणलेल्या वस्तू दोन, असं सासूबाई म्हणायच्या: एक यांची गाडी आणि एक ही घाटावरची सून. दोघींनाही सकाळी उठायला वेळ लागतो, हेही त्या पुढे जोडायच्या.

गाडी काळी, भल्या थोरल्या दिव्यांची. बेळगावचा कुणी गोरा साहेब देश सोडून निघाला तेव्हा मामंजींनी ती घेतली होती. त्यांच्या घराण्याची गलबतं होती, तरुणपणी ते स्वतः गलबतावर गेलेले, त्यामुळे गाडीलाही ते गलबतासारखंच वागवत. सुरू करायची म्हणजे, त्यांच्या गलबती भाषेत, हाकारायची. ती चावीला दाद देत नसे, म्हणून घरंगळत सुरू करता यावी यासाठी ती नेहमी घराशेजारच्या उतारावर उभी असायची. कुणी विचारलं तर म्हणायचे, तिथे वारा चांगला लागतो.

समोरच्या घरात खोबऱ्याचे व्यापारी राहत. मामंजींपेक्षा वयाने लहान, पण बोलण्यात तसूभर कमी नाहीत. त्यांनी नवीकोरी देशी गाडी घेतली आणि आमच्या ओटीवरच्या पेळेला, म्हणजे बसायच्या कट्ट्याला, रोज संध्याकाळी उधाण येऊ लागलं. मामंजी म्हणायचे, विलायती लोखंड ते विलायती लोखंड, ही गाडी माझ्यानंतर माझा मुलगा चालवेल. व्यापारी म्हणायचे, चालवेल खरी, पण तिचा एक खिळा मोडला तर आगबोटीची वाट बघत बसावं लागेल. उलट आमच्या या देशी गाडीचं सामान नाक्यानाक्यावर मिळतं. त्यावर मामंजी विचारायचे की सामान नाक्यानाक्यावर ठेवायची पाळी का येते, याचा विचार केलायत का कधी.

खरं तर दोघांनीही आपापलं दुखणं झाकून ठेवलं होतं. आमच्या गाडीच्या उताराचं सांगितलंच. त्यांच्या गाडीचं छप्पर पावसात एका ठिकाणी गळायचं, आणि ते मांडीवर घमेलं ठेवून गाडी चालवताना मी स्वतः पाहिलेत.

त्या आश्विनात माझी बहीण कोल्हापूरला माहेरी बाळंत झाली. मुलगा झाला. बारसं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. लग्न झाल्यापासून मी माहेरी गेले नव्हते. एकटीला एस.टी.ने पाठवायला सासूबाई तयार नव्हत्या. मी फक्त दोन दिवस आमटीत मीठ घालायला विसरले. तिसऱ्या दिवशी मामंजींनी पेळेवर जाहीर केलं की ते स्वतः गाडीने सगळ्यांना कोल्हापूरला नेणार.

व्यापाऱ्यांनाही खोबरं घेऊन कोल्हापूरला जायचंच होतं. मग काय, पैज लागली. दोन्ही गाड्या बरोबर निघतील. वाटेत चहापाण्याला कुठेही थांबा, पण घाटात जो थांबेल तो हरला. इथवर माझी काही तक्रार नव्हती. पण मामंजींनी भरीला आणखी एक शब्द देऊन टाकला. घाटात आपली गाडी थांबली तर तिथूनच तोंड फिरवून घरी येऊ, दुसऱ्याच्या गाडीत पाय ठेवणार नाही. म्हणजे गाडी थांबली की माझं बारसं बुडालं. पैज यांची आणि टांगणीला मी.

तेव्हा मी ठरवलं की गाडीला देवाचं बळ कमी पडू द्यायचं नाही.

दसऱ्याच्या सकाळी समोरच्या काकूंनी त्यांच्या गाडीला झेंडूची एक बारीक माळ घातलेली मी खिडकीतून पाहिली आणि मला हसू आलं. मी झेंडू, आंब्याची पानं आणि भाताच्या लोंब्या घेऊन बसले. एवढा भार साध्या दोऱ्याला पेलेना. मासे घेऊन येणाऱ्या मावशीकडून जाळ्याची दोरी मागून घेतली, चांगली पिळदार, झाडाच्या सालीच्या रसात रंगवलेली. तिच्यावर हार गुंफला. तो हार गाडीच्या पुढच्या जाळीवर तीन पदरी बांधला. तरी मधून मधून जाळीच्या फटी दिसत होत्या. मला ते बोडकं वाटलं. म्हणून प्रत्येक फटीत आंब्याची पानं आणि लोंब्या ठासून बसवल्या. मागे रेडिएटर असतो आणि त्याला वारा लागतो, हे मला कुठून कळणार? मला वाटायचं, ती जाळी म्हणजे गाडीचे दात. उघडे दात काय शोभतात?

मामंजी लांब उभे राहून बघत राहिले आणि म्हणाले, साहेबाकडे असताना हिला असा मान कधी मिळाला नसेल.

दुसऱ्या दिवशी उजाडताच निघालो. मामंजी पुढे, आम्ही दोघी मागे, पायाशी नारळांची टोपली, आमसुलं आणि खडखडे लाडवांचा डबा. हार तसाच होता. पूजेचा हार आपण होऊन काढायचा नाही, सुकून पडेपर्यंत राहू द्यायचा, असा सासूबाईंचा नियम. कट्टा गाव येईपर्यंत मी जाणाऱ्या-येणाऱ्यांचे डोळे हारावर खिळतायत की नाही हेच बघत होते. कसालला पोचेपर्यंत गाडीतून करपल्यासारखा वास यायला लागला. मामंजींनी चहा प्यायला गाडी थांबवली आणि चहा होईस्तोवर तिला दोन कळशा पाणी पाजलं. कणकवलीलाही त्यांना चहा हवासा वाटला. फोंड्यालाही. एरवी दिवसातून एकदा चहा घेणारा माणूस. व्यापारी प्रत्येक ठिकाणी शेजारी बसून चहा पीत होते आणि काही म्हणत नव्हते, पण त्यांच्या मिश्या बोलत होत्या.

घाट सुरू झाला. पहिली वळणं गाडीने काढली. मग ती कण्हायला लागली. मग बॉनेटच्या कडेने वाफ आली, आधी धूप घातल्यासारखी, मग तांदूळ उतू जातात तशी. एका वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे डोंगरातून झऱ्याचं पाणी येत होतं, तिथे ती थांबली.

मागून देशी गाडी आली. व्यापाऱ्यांनी ती थांबवली नाही, कारण थांबला तो हरला. चालत्या गाडीतून मान बाहेर काढून त्यांनी विचारलं, "काय काका, बसतास काय आमच्या पत्र्याच्या डब्यात?" आणि भोंगा वाजवत वर निघून गेले. पुढच्या प्रत्येक वळणावर तो भोंगा ऐकू येत होता.

मामंजींनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं, मिटलं. मग झऱ्याचं पाणी आणून ओतलं. मग दगडावर जाऊन बसले.  शेवटी म्हणाले, थंड झाली की फिरवतो.

मी गाडीला वळसा घालून पुढे गेले. रडायचं होतं आणि त्यांच्या देखत रडायचं नव्हतं. तिथे उभी राहून डोळे पुसता पुसता माझा हात हाराला लागला आणि चटका बसला. नीट पाहिलं. झेंडू लोळागोळा झाले होते. आंब्याची पानं खाकी पडली होती. माझ्या हाराची भाजी झाली होती. आणि ती भाजी जिथे झाली त्या चुलीचं तोंड मीच लिंपलं होतं. स्वयंपाकघरात रोज चुलीला फुंकर घालणाऱ्या बाईला हे कळायला फोंडाघाट चढून यावं लागलं.

मी फटीतली पानं उपसायला लागले. मागे सासूबाई येऊन उभ्या राहिल्या.

"काय करतंस गो?"

"आई, हार सुकला. पडायलाच आला होता."

त्यांनी वाकून हाराला बोट लावलं, झटकन मागे घेतलं आणि बोटावर फुंकर मारली. "सुकलो नाय. शिजलो," त्या म्हणाल्या. मग एकदा जाळीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, एकदा दगडावर बसलेल्या नवऱ्याकडे. मला वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण त्या मामंजींच्या आणि माझ्या मधोमध उभ्या राहिल्या, पदर ऐसपैस पसरला आणि डोंगराकडे तोंड करून झाडं बघायला लागल्या. त्या पदराआड मी गाडीचे दात घासले म्हणा ना. एक लोंबी म्हणून शिल्लक ठेवली नाही. हार दोरीसकट नारळांच्या टोपलीत कोंबला.

मग मामंजींपाशी जाऊन म्हटलं की एकदा, फक्त एकदा, चढवून बघा. नाही चढली तर मी स्वतः म्हणेन, फिरा. सासूबाई तिकडून म्हणाल्या, मी देवाक नारळ बोललंय, बघा चढवून.

गाडी उतारावर असल्यामुळे सुरू करायला हातही लावावा लागला नाही. थोडी मागे घसरू दिली आणि एका हिसक्यात ती जागी झाली. आणि काय चढली म्हणून सांगू. रेड्यासारखी चढली. एकेक वळण मागे पडत होतं, खालची झाडी लहान होत होती आणि मामंजींची पाठ पुन्हा ताठ होत होती. वाफ नाही, वास नाही. मी मनातल्या मनात बाळाला झोका द्यायला सुरुवात केली.

माथा थोडाच राहिला असताना रस्त्याच्या कडेला देशी गाडी दिसली. तोंड उघडं. व्यापारी खोबऱ्याच्या पोत्यावर बसले होते. पंख्याचा पट्टा तुटला होता. पट्ट्याशिवाय चालवावी तर तीही उकळणार. सामान नाक्यानाक्यावर मिळतं म्हणून त्यांनी जवळ काहीच बाळगलं नव्हतं, आणि घाटात काही नाका नसतो.

मामंजींनी गाडी अगदी त्यांच्या शेजारी नेऊन थांबवली. आपण आधीच थांबलो होतो, आता थांबायला काय हरकत. मान बाहेर काढली. सगळ्या संध्याकाळींची भरपाई त्या एका वाक्यात करायची होती, म्हणून त्यांनी घाई केली नाही.

"काय, बसतास काय आमच्या म्हाताऱ्येत?"

व्यापारी म्हणाले, खोबरं रस्त्यावर टाकून कसा येऊ. मग जरा वेळाने, आवाज उतरवून म्हणाले की काका, एखादी दोरी तरी आहे का तुमच्याकडे.

मामंजींकडे नव्हती. माझ्याकडे होती. आता बघा, गप्प बसले असते तर आमची गाडी पुढे गेली असती, बारसं मिळालं असतं आणि माझं गुपित टोपलीत राहिलं असतं. पण ज्या माणसाला आपण रोज चहा देतो त्याला घाटात सोडून जायचं कसं? मी टोपलीत हात घातला, शिजलेले झेंडू ओरबाडून काढले आणि ती जाळ्याची दोरी मामंजींच्या हातात दिली. दोरीला एक पान चिकटलेलंच होतं.

त्यांनी दोरी पाहिली. पान पाहिलं. मग सावकाश चालत आपल्या गाडीच्या पुढे गेले आणि मोकळ्या जाळीकडे पाहत उभे राहिले. मी जमिनीकडे बघत होते. सासूबाई पुन्हा झाडं बघायला लागल्या होत्या.

ते परत आले. दोरीचे पदर उलगडले, दुमडले, पुन्हा पिळले, टोकं एकमेकांत गुंफली. गलबतावर शिकलेलं काम, बोटांना अजून येत होतं. गाठ कुठे दिसेना. दोरीचं ते कडं पट्ट्याच्या जागी पंख्यावर चढवलं आणि व्यापाऱ्यांना सांगितलं, हळू चालवा, मी मागे आहे.

अशी आमची वरात घाटमाथ्यावर पोचली: पुढे देशी गाडी जाळ्याच्या दोरीवर, मागे विलायती गाडी दात दाखवत. राधानगरीला व्यापाऱ्यांना नवा पट्टा मिळाला. तो मिळाल्याबरोबर त्यांनी तो मामंजींच्या नाकासमोर धरला. बघा, मिळाला की नाही? पण जुनी दोरी त्यांनी टाकली नाही, घडी करून खिशात ठेवली.

दिवेलागणीला दोन्ही गाड्या भोंगे वाजवत आमच्या गल्लीत शिरल्या. गल्लीत एक गाडी आली तरी पोरं धावायची, इथे तर दोन. माझे वडील दारात आले ते चष्मा पुसतच. बारसं माझ्यासाठी थांबवून ठेवलं होतं. नाव ठेवायचा मान बाळाच्या आत्याला, पण ती कानात नाव कुजबुजताना पाळण्याची दोरी माझ्या हातात होती.

बाहेर सोप्यात पुरुषमंडळी जमली होती आणि मामंजींचा आवाज आतपर्यंत येत होता. विलायती गाडी घाटात मुळीच थांबली नाही. झऱ्याचं पाणी चांगलं म्हणून जरा प्यायला उतरलो, एवढंच. देशी गाडीला मात्र आमच्या गाडीतली दोरी लावून वर आणावी लागली. व्यापारी म्हणत होते, दोरीवर चालते ती गाडी भरवशाची की नाही, तुम्हीच सांगा. हाराबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मामंजी तर घाट आणखी उभा करून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.

मी तोंडाला पदर लावून हसत होते. सासूबाई लाडवांचा डबा उघडत माझ्याजवळ सरकल्या आणि कानाशी येऊन म्हणाल्या,

"गो, फुडच्या दसऱ्याक हार गाडयेक घालू नको. तुझ्या मामंजींच्या तोंडार बांध."