माडीवरच्या आजींची काठी

हे मी तुम्हा दोघांसाठी लिहिते आहे. तुम्हाला मराठी वाचायला जड जातं, म्हणून आईला वाचून दाखवायला सांगा. यात मी ‘तू’ म्हणेन ते धाकटीला आणि थोरल्याला ‘दादा’ म्हणेन, म्हणजे घोळ होणार नाही. दादाला यात फार बोलायला मिळणार नाही, पण त्याचं एक वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते मी गाळलेलं नाही.

तुम्ही नव्या घरात राहायला गेलात त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आईने मला फोनवरून सगळं घर फिरवून दाखवलं होतं. शेवटी ती जिना उतरून बेसमेंटमध्ये गेली. तिथे कपडे धुण्याचं मशीन, पाणी तापवायची टाकी, छताला पाइपच पाइप, आणि कोपऱ्यात तुझं क्लेचं टेबल. जुन्या घरात तू स्वयंपाकघरातच क्ले मळत बसायचीस आणि ती पोळपाटाला चिकटायची. म्हणून आईने तुझे डबे, साचे, लाटणं, सगळं खाली नेऊन नीट मांडून दिलं. तुला स्वतःची जागा मिळाली याचा तिला केवढा आनंद झाला होता.

आणि तू खाली जायचंच बंद केलंस.

त्याआधी शाळेतून आल्यावर तुझ्या हातात क्ले नाही असा दिवस मी पाहिला नव्हता. शनिवारी फोन लागला की आधी तू आठवड्याचा माल दाखवायचीस. हत्ती, इडल्यांची थाळी, एकदा तर आजोबांचं नाक. नुसतं नाक, पण ते त्यांचंच होतं. नव्या घरात गेल्यावर हे सगळं थांबलं. आईने डबे वर आणून दिले तर तू म्हणालीस, नको, ते खाली होते ना. मग आईने ते परत खाली नेऊन ठेवले. तेव्हा मी तुला विचारलं आणि तू हळूच सांगितलंस की खाली कुणीतरी आहे.

मी म्हणाले, “भुतं नसतात.”

आमच्या घरी हे असंच सांगितलं जायचं. माझे वडील नांदेडकडून इथे रेल्वेच्या नोकरीसाठी आले. संध्याकाळी बुद्धवंदना झाली की आम्ही मुलं गोल करून बसायचो. त्यात कुणी भुताची गोष्ट काढली तर ते रागवत नसत. शांतपणे विचारत, कुठे पाहिलं, कधी पाहिलं, सोबत कोण होतं. तिसऱ्या प्रश्नापर्यंत भूत टिकत नसे. मी त्याच वळणावर गेले. मी जे बोलले ते खरंच होतं, आजही तेच बोलेन. पण तू “ओके, आजी” म्हणालीस आणि फोन आईच्या हातात दिलास. पुढे माझ्याजवळ तो विषय काढलाच नाहीस.

मलकपेठच्या दवाखान्यात मी सिस्टर होते, नंतर मेट्रन झाले. पेशंट दुखतंय म्हणाला आणि रिपोर्टात काही निघालं नाही, तरी दुखणं असतंच, हे मला कुणी शिकवायला नको होतं. तुझ्यापाशी कसं पोहोचायचं तेवढं मला सुचत नव्हतं. रस्ता तूच काढलास.

दादाजवळ कम्प्युटरवरचा एक जुना खेळ होता. टेकडीवर एक पछाडलेलं घर. आपण तपास करायला आलेले पाहुणे. घर चित्रासारखं दिसतं, बाण फिरवायचा, आणि ज्या वस्तूला हात लावता येतो तिच्यावर बाणाचा पंजा होतो. वस्तू उचलली की ती आपल्या पिशवीत जाते. तुला तो खेळ एकटीने खेळवत नव्हता आणि सोडवतही नव्हता. तू मला सांगितलंस की आजी, तू खेळ, मी इथून सांगते.

दादाने तिकडूनच आमच्या कम्प्युटरवर तो चढवून दिला आणि माझा पडदा तुला तिकडे कसा दिसेल तेही शिकवलं. बोटाने बाण हलवणं मला जमेना, म्हणून तुमचे आजोबा आबिड्सला जाऊन माऊस घेऊन आले. त्याच्याबरोबर धबधब्याचं चित्र असलेली, माऊसखाली ठेवायची गादीही आणली, ती कुणी मागितली नव्हती. दर शनिवारी आमची संध्याकाळ आणि तुमची सकाळ अशी आपली तपासणी सुरू झाली. चिक्कडपल्लीच्या बाजाराचा गलका खिडकीतून आत येत असायचा आणि तू म्हणायचीस, आजी, खिडकी लाव, भीतीच वाटत नाहीये.

मी घर वॉर्डासारखं पाहायची. दारापासून उजवीकडे सुरुवात, मग गोल फिरून पुन्हा दारापाशी. एकही वस्तू सोडायची नाही. आधी खिडक्या, मग पलंग, मग जमीन. दादा तुझ्या मागून जाता जाता म्हणायचा, आजी फारच स्लो आहे. तुमचे आजोबा चहा घेऊन माझ्या मागे बसत. त्यांना खेळातलं काही कळत नसे, पण माझ्यातलं सगळं कळतं.

“मेट्रनबाई, भुताचं टेंपरेचर घेतलं का?”

तू खुदकन हसायचीस. मी त्यांना चहा संपवायला सांगायची.

माडीवर एक खोली होती. त्या खोलीत खिडकीकडे तोंड करून एक म्हातारी बाई खुर्चीत बसलेली असायची. आपण आत गेलो की खुर्ची करकरायची आणि ती हळूहळू मान वळवायची. घरातलं भूत ते हेच. तिथे तू डोळे घट्ट मिटून घ्यायचीस आणि मी तुला आत काय आहे ते सांगायचं, असं आपलं ठरलं होतं.

मी सांगायची, केस पांढरे आहेत, विंचरलेले नाहीत. पलंग नीट लावलाय. पाय सुजलेत.

“आजी, भुताचे पाय सुजतात?”

“दिवसभर खुर्चीत बसलं की कुणाचेही सुजतात.”

यावर तू विचारलंस की मग तिला कुणी चालवत का नाही.

तपास असा एकेक खोली करत चांगला चालला होता, आणि मग अडला. खाली तळघराचं दार होतं. त्याची कडी इतकी वर की हात पोहोचेना. घरात शिडी नव्हती, स्टूल मोडलेलं. कडी ढकलायला लांब काहीतरी हवं होतं. आणि घरभर फिरून लांब अशी एकच वस्तू सापडली. माडीवरच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी टेकवलेली काठी. तिच्यावर नेल्यावर बाणाचा पंजा झाला.

“घे ना,” तू डोळे मिटूनच म्हणालीस. मी तुला काठीचं सांगितलं होतं.

मी घेतली नाही.

आता हे तुम्हाला विचित्र वाटेल, पण वॉर्डात माझे जे थोडे कडक नियम होते त्यातला हा पहिला. म्हाताऱ्या माणसाची काठी त्याला न विचारता हलवायची नाही. फरशी पुसायला म्हणून कुणी ती बाजूला ठेवतं, परत जागेवर ठेवायचं राहून जातं. मग म्हातारी उठते, सवयीने हात तिथे नेते, तिथे काठी नसते. त्यानंतर खुब्याचं हाड मोडलेलं माणूस पुन्हा उभं राहायला काय काय लागतं, ते मी पाहिलेलं आहे. माझं बोट माऊसवर होतं आणि ते दाबलं जात नव्हतं.

तू समजावलंस की ती भूत आहे, ती चालत नाही, हवेत तरंगते.

मी म्हणाले, “मग उशाशी काठी ठेवली कशाला?”

तुला फार राग आला. पुढचे काही शनिवार आपण त्याच घरात गोल गोल फिरलो. मी खिडकीच्या पडद्याची दांडी काढायचा प्रयत्न केला, शेकोटीजवळची सळई ओढून पाहिली. काही निघेना. आईने मला वेगळा फोन करून सांगितलं, “ती कंटाळून खेळ सोडून देईल, तू काठी घेऊन टाक ना, एवढं काय त्यात.” क्लेचे डबे अजून खालीच होते. मलाही ते दिसत होतं. खेळ सुटला असता तर तू ज्या एका निमित्ताने माझ्याशी भुताबद्दल बोलत होतीस तेही गेलं असतं. तरी बोट दाबलं जाईना. तुमचे आजोबा म्हणाले, “हौ, त्या भुताचं हाड मोडलं तर प्लास्टर तुलाच घालावं लागणार.” पण ते हसले नाहीत. त्यांनी स्वतः मला वॉर्डात काम करताना पाहिलं आहे.

मग एका शनिवारी तू अगदी थकलेल्या आवाजात म्हणालीस, “आजी, मग विचार ना तिला.”

बोलायचं बटण होतं. आपण ते त्या खोलीत कधी वापरलंच नव्हतं, कारण आपण तिथे थांबतच नव्हतो. मी माडीवर गेले. खुर्ची करकरली. बटण दाबल्यावर खाली तीन वाक्यं आली. तू कोण आहेस. या घरातून निघून जा. मला तुझ्याकडून काही हवं आहे.

मी तुला म्हणाले, काठी तुला हवी आहे, मला नको. तू विचार, मी बटण दाबते.

“तिला मराठी कुठे येतं?”

“येत नसेल. पण विचारताना तिच्याकडे बघ.”

पडद्याच्या कोपऱ्यातल्या चौकोनात मला तुझा चेहरा दिसत होता. आधी एक डोळा उघडला, मग दुसरा. म्हातारीने मान पूर्ण वळवली होती. चेहरा काही सुंदर काढलेला नव्हता, हे मी मान्य करते. तू मागे सरकलीस, पण डोळे मिटले नाहीस.

“आजी,” तू तिला म्हणालीस, “तुमची काठी घेऊ का? परत आणून ठेवते.”

मला तू ‘तू’ म्हणतेस. तिला तुम्ही म्हणालीस. परक्या आजींना तसं म्हणायचं हे तुला आईने केव्हा शिकवलं, मला माहीत नाही. मी तिसरं वाक्य दाबलं. म्हातारीने एकदा काठीकडे पाहिलं, मग परत खिडकीकडे तोंड केलं. बस, एवढंच. मी काठी उचलली आणि ती पिशवीत गेली.

इथे दादाचं वाक्य येतं. तो तुझ्या मागे टोस्ट खात उभा होता. तो म्हणाला, “विचारायची काही गरजच नव्हती, मी सरळ उचलली होती. ती किंचाळते थोडी, एवढंच.”

“आत्ता नाही किंचाळली,” तू म्हणालीस. दादाने टोस्ट खाणं थांबवून पडद्याकडे पाहिलं. त्याला हे माहीत नव्हतं.

काठीने कडी सरकली, तळघराचं दार उघडलं. मला वाटलं तू आता आत चल म्हणशील. तू म्हणालीस, आधी काठी परत ठेव. मी माडीवर गेले. पिशवीतून काठी पलंगाच्या उशाशी नेली. खेळ म्हणाला, हे इथे वापरता येत नाही. खुर्चीजवळ नेली, म्हातारीजवळ नेली. पुन्हा तेच. त्या खेळात वस्तू घेता येते, ठेवता येत नाही. दादाने ते दोनदा समजावून सांगितलं आणि निघून गेला.

तुझे डोळे भरून आले. “मी प्रॉमिस केलं होतं तिला.”

तुमचे आजोबा कप हातात धरून बसून राहिले.

मग तू नाक पुसलंस आणि म्हणालीस, “मी तिला दुसरी करून देते. क्लेची.”

आणि बोलून झाल्यावर तुझ्याच लक्षात आलं की क्ले कुठे आहे. ते मला चौकोनात दिसलं. तू मान वळवून जिन्याकडे पाहिलंस. मी “जा” म्हणाले नाही. “आईला सांग” असंही म्हणाले नाही.

तू कम्प्युटरवरून उठलीस, आईचा फोन घेतलास आणि त्यावरून पुन्हा मला लावलास. मला बरोबर नेत होतीस. जिन्याच्या तोंडाशी थांबलीस. दिवा लावलास. मला पायऱ्या दिसायला लागल्या, मग तुझे मोजे, मग भिंत, मग मोजे. तू दारापासून उजवीकडून सुरुवात केलीस. मशीन, म्हणालीस. टाकी. आईच्या बॅगा. सायकल. प्रत्येक वस्तूपाशी थांबत होतीस आणि तुझा श्वास मला इथे ऐकू येत होता. गोल पूर्ण झाला तेव्हा तू टेबलापाशी पोहोचली होतीस.

डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. दोन्ही हात लागणार होते. तू फोन टेबलावर उताणा ठेवलास आणि मला एकदम छत दिसायला लागलं. झाकण निघाल्याचा आवाज आला. क्ले सुकली असेल म्हणून मी हाक मारणार होते, तेवढ्यात थापटल्याचा आवाज सुरू झाला. पहिल्यांदा हळू, मग जोरात. मग तू स्वतःशीच काहीतरी बोलायला लागलीस, मूठ कशी असावी, सरळ की वाकडी. माझ्याशी बोलत नव्हतीस. मी आहे हे तू विसरली होतीस.

तुमचे आजोबा माझ्या खांद्यावरून वाकले.

“काय दिसायलंय?”

“पाइप,” मी म्हणाले.

त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि तेही पाहत बसले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, बंद करायचा का, पोरगी कामात आहे. मी नको म्हणाले. इकडे आमच्या खिडकीखाली भाजीवाल्यांची आवराआवर चालली होती. आम्ही दोघं तुमच्या घराच्या छताकडे बघत बसलो, आणि तिकडून थापटणं ऐकू येत राहिलं.