अकरा सेकंदांचा अंधार

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. आमच्या सायलीच्या तोंडून ऐकाल तर ती तिखटमीठ लावून सांगेल, आणि खरं सांगू का, या गोष्टीला वरून काही लावायची गरजच नाही. घ्या, चहा घ्या, थंड होतोय.

एक जुनी कार्टून फिल्म आहे. परदेशातली, सात मिनिटांची, हातानं चित्रं काढून केलेली, एकही संवाद नाही. त्यांच्याकडं तो हॅलोविन नावाचा सण असतो ना, पोरं भुतांची सोंगं घेऊन दारोदार खाऊ मागत हिंडतात, त्या दिवसाची गोष्ट. तिच्यात एक हाडांचा सापळा आहे. सोंग नव्हे, खराखुरा. बिचाऱ्याला वर्षभर कबरीतून बाहेर पडायची सोय नाही, लोक घाबरतील. त्या एका दिवशी मात्र तो टोपी घालून ऐटीत गावात येतो, कारण सगळ्यांना वाटतं, वा, काय झकास सोंग आणलंय. एक आजीबाई कौतुकानं त्याचा गालगुच्चा घ्यायला जाते आणि तिथं गालच नसतो. अख्ख्या गावात खरं काय ते एकालाच कळतं. कुत्र्याला. त्याच्या दृष्टीनं ही पायांनी चालत आलेली मेजवानी.

मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सायलीचा जन्मही झाला नव्हता. शहागंजात सलीमभाईंची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती, त्यांनी मला कॅसेट करून दिली. मी वेडाच झालो हो. सापळा चालताना त्याचे गुडघे कसे वाजतात, टोपी काढून नमस्कार करायला जातो तर टोपीसकट डोकंच कसं हातात येतं. घरी पाहुणे आले की आधी पाणी, मग सापळा.

पण माझा खरा जीव जडला तो मधल्या एका जागेवर. कुत्रा सापळ्याला गाठतो. सापळ्याच्या मागं भिंत. कुत्रा जबडा उघडतो आणि पडदा काळा. आवाजही बंद. पुरे अकरा सेकंद, घड्याळ लावून मोजलेत मी. मग एकदम उजेड होतो, तर कुत्रा सापळ्याच्या पायावर डोकं ठेवून झोपलेला आणि सापळ्याची एक बरगडी उलटी बसलेली. बस्स. अंधारात काय झालं ते तुम्ही ठरवा.

याला म्हणतात दिग्दर्शक, असं मी आयुष्यभर सांगत आलो. लग्नाच्या पंगतीत सांगितलं, वाळूजला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये सांगितलं. कंपनीत मी क्वालिटीला होतो, तयार झालेल्या पार्टमधले दोष हुडकायचं काम. बसमध्ये माझ्या शेजारची सीट नेहमी रिकामी असायची, ती बहुतेक या फिल्ममुळंच. "जे दाखवत नाही तेच खरं दाखवलेलं असतं," हे माझं ठरलेलं वाक्य. उलट्या बरगडीवर तर माझा स्वतंत्र सिद्धांत होता. माया लागली की जिवाची एक बरगडी कायमची फिरते. मंजू, म्हणजे माझी बायको, हा सिद्धांत पोळ्या लाटता लाटता म्हणून दाखवते.

सायली यंदा एका अ‍ॅनिमेशनच्या क्लासमध्ये शिकवायला लागली. नोकरी नवी, त्यात तिथले जोशी सर कडक. ऑक्टोबर संपता संपता ती म्हणाली, "बाबा, आमची मुलं हॅलोविन करतायत. दुपारी तुमची ती फिल्म दाखवू. तुम्ही दोन शब्द बोला. पण थोडक्यात हां, सर पण बसणारेत."

"थोडक्यात म्हणजे?"

"दहा मिनिटं."

"दहा मिनिटं तर अंधारालाच लागतील," मी म्हणालो.

माझी कॅसेट बुरशी लागून कधीच गेली होती. सायलीनं नेटवरून स्वच्छ कॉपी काढून ठेवली आणि मला म्हणाली, एकदा बघून घ्या. मी बघितली नाही. पाठ होती मला. जन्मभर दुसऱ्याचा माल तपासला, स्वतःचा तपासायची कधी वेळच आली नव्हती.

दुपारी गारखेड्यात त्यांच्या वर्गात गेलो. तीसेक पोरं, कुणी चेहऱ्याला पावडर फासलेली, कुणी काळी ओढणी गुंडाळलेली. पुढं जोशी सर, कोऱ्या चेहऱ्यानं. मी सुरू झालो. दहाची वीस मिनिटं झाली, सायली मागून घड्याळ दाखवत होती, तिकडं मी बघितलंच नाही. शेवटी मी प्रत्येकाला एकेक कोरा कागद वाटला. म्हणालो, "मधे पडदा काळा होईल. कुणी मोबाईल काढायचा नाही. त्या अकरा सेकंदांत तुमच्या मनाला जे दिसेल ते या कागदावर लिहायचं." जोशी सरांनीही कागद घेतला.

फिल्म सुरू झाली. पोरं हसायला लागली, गालाच्या ठिकाणी तर टाळ्या पडल्या. मला भरून आलं. मग कुत्रा आला. भिंत आली. जबडा उघडला. मी हात वर करून म्हणालो, "आता."

अंधार काही झाला नाही.

सापळ्यानं शांतपणे स्वतःची एक बरगडी उपसली आणि लांब भिरकावली. कुत्रा धावला, घेऊन आला. पुन्हा फेकली, पुन्हा आणली. तिसऱ्यांदा मात्र कुत्र्यानं ती हातात दिलीच नाही. मागच्या पायांवर उभं राहून, जीभ बाहेर काढून, अगदी मन लावून त्यानंच ती सापळ्याच्या छातीत बसवली. उलटी. आणि सापळ्यानं खाली वाकून बघितलं, आणि त्याचं मन मोडू नये म्हणून तशीच राहू दिली.

वर्ग फुटला हसून. मी उभाच.

"थांबवा," मी म्हणालो. "ही कॉपी खराब आहे. हा तुकडा नंतर कुणीतरी घुसडलाय."

सायलीनं थांबवली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. पुढच्या बाकावर अफरीन नावाची एक विद्यार्थिनी होती, तिनं हात वर केला. "सर, घुसडलेलं नाय वाटत. भिंतीवरची सावली बघा ना, आधी आणि नंतर सेम हातानं काढलीय. आणि हा तुकडा काढला तर बरगडी उलटी कशी झाली ते कळतंच नाय."

"ते कळायचं नसतंच," मी म्हणालो. पण आवाजात दम राहिला नव्हता.

"परत एकदा लावा," जोशी सर म्हणाले.

परत लावली. आणि दुसऱ्यांदा, तो कुत्रा जीभ बाहेर काढून बरगडी बसवायला लागला तेव्हा, माझं मलाच आवरेना. इतका हसलो की चष्मा काढावा लागला. मी ज्याला थोर समजत होतो त्याच्या दसपट थोर माणसानं ती फिल्म केली होती. सगळ्या फिल्मचा प्राण त्या अकरा सेकंदांत होता आणि नेमके तेवढेच मी बघितले नव्हते.

कागद गोळा केले. सगळे कोरे, एक सोडून. त्यावर सुबक अक्षरात लिहिलं होतं, "अंधारात मला माझं बालपण दिसलं." जोशी सरांनी तो माझ्या हातातून हळूच काढून घेतला, घडी करून खिशात ठेवला आणि सायलीला म्हणाले, "मॅडम, पोरं इतकी जागी मी पहिल्यांदा बघितली." तिची नोकरी वाचली. माझं काय वाचलं ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सलीमभाईंना गाठलं. आता त्यांचं मोबाईलच्या कव्हरचं दुकान आहे. म्हटलं, "सलीमभाई, तुम्ही मला कापलेली फिल्म दिली होती. बीच में पूरा अंधेरा."

ते शांतपणे चहा ओतत होते. "साब, कॅसेट तो मैं अच्छीच दिया था. पहिल्यांदा लावली तेव्हाच तुमच्या मशीनमधे मधेच पट्टी फसली, तुम्ही जोर लावून ओढली, चुरगळून माझ्याकडं आणली. मी खराब तुकडा काढला, कोरी पट्टी जोडली. तुम्हाला सांगितलं पण होतं, बीच में थोडा अंधेरा आएगा, दुसरी कॅसेट बना दूँ क्या?"

मला काही म्हणजे काही आठवेना. "मग मी काय म्हणालो?"

"आप बोले, रैने दो सलीमभाई, उत्ते से टुकडे में क्या रैता?"