दाराआडून टेनिस

व्हिडिओ गेमच्या फायद्यांविषयी मी लिहावे हे धाडसच आहे. वाचकांनी क्षमा करावी. पासष्टी उलटल्यावर प्रथमच लेखणी हाती घेणाऱ्या बाईने खरे तर लोणच्यापासून सुरुवात करायची असते. शिवाय हा खेळ मी उभ्या आयुष्यात फार खेळलेली नाही. पण त्यातल्या पहिल्याच डावावर माझे पुढचे शिक्षण पणाला लागले होते, एवढाच काय तो माझा अधिकार.

सत्तरचे दशक संपत आले होते. लग्न होऊन मी विट्याला आले त्याला सहा महिने झाले होते. आमचे हे आणि थोरले दीर मद्रासला सोने गाळण्याच्या दुकानात असत. (विट्यात त्याचे कुणाला नवल नव्हते, घरटी एखादा तरी माणूस या धंद्यापायी परमुलखात.) घरी मी, आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, आणि मामंजी. मामंजी फौजेतून सुभेदार होऊन परतलेले. सुनेने त्यांच्यासमोर बसायचे नाही आणि काही सांगायचे तर आत्याबाईंमार्फत, अशी घरची रीत होती. मी पदार्थविज्ञान घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि सांगलीला जाऊन बी.एड. करावे, अशी माझी फार इच्छा होती. अर्जाची मुदत आठ दिवसांवर आली, तरी मामंजींचे उत्तर आत्याबाईंमार्फत एकच येई, "बघू म्हंत्यात."

अशात थोरले दीर सुट्टीवर आले, ते वडिलांसाठी टीव्ही घेऊन. कौलांवर अँटेना चढली, अर्धी गल्ली बाहेरच्या सोप्यात येऊन बसली आणि टीव्हीवर मुंग्या दिसू लागल्या. विट्यापर्यंत चित्र पोहोचतच नव्हते! तासभर सर्वांनी त्या मुंग्या श्रद्धेने पाहिल्या. ("तिकडं पाऊस लय दिसतोय," म्हणून एक आजोबा उठून गेले.)

ओशाळलेल्या दिरांनी मग ट्रंकेतून एक परदेशी डबा काढून टीव्हीला जोडला. काळ्या काचेवर दोन्ही कडांना एकेक पांढरी पट्टी आली आणि मध्ये एक ठिपका उड्या मारू लागला. डब्यातून दोन लांब वायरी निघत होत्या आणि त्यांच्या टोकांना रेडिओसारखी फिरवायची बटणे होती. बटण फिरवले की आपली पट्टी वरखाली होई. तिने ठिपका परतवायचा. समोरच्याचा चुकला की आपला एक गुण. आधी पंधरा करील तो जिंकला.

"आबा, ह्ये टेनिस हाय," दीर म्हणाले.

"फौजेत सायब लोक खेळायचं," मामंजी म्हणाले. "आमी चेंडू आणून द्यायचो. आण ते हिकडं."

दिवस कलेपर्यंत त्यांनी दिरांना, दोन शेजाऱ्यांना आणि समोरच्या कंपाउंडरला हरवले.

"आता कोण ऱ्हायलं गं?" त्यांनी आत्याबाईंना विचारले.

"म्या व्हय खेळू? चुलीवर कालवण हाय माजं."

"मग सूनबाईला इचार. जिंकली तर सांगलीचा फारम भरतो."

आत्याबाई आत आल्या. "ऐकलंस न्हवं? पिठाचं हात धू आन् बस."

समोर बसणे शक्य नव्हते, म्हणून माझे बटण वायरीसकट दाराआड माजघरात आले. तिथून टीव्ही दिसत नव्हता. पण सोप्यातल्या समोरच्या कपाटाला मोठा आरसा होता. दाराच्या फटीतून मला आरसा दिसत होता आणि आरशात टीव्ही!

"आई, तिला सांग, उजवीकडची पट्टी तिची," दिरांचा आवाज आला.

"उजवीकडची तुजी," आत्याबाईंनी पोहोचवले.

मी उजव्या पट्टीवर डोळे रोवून बसले आणि काय सांगू, अप्रतिम खेळले! बटण फिरवण्याआधीच माझी पट्टी हलत असे. यंत्राला माझ्या मनातले कळते, असा माझा समज झाला. (या खेळाने आत्मविश्वास वाढतो म्हणतात, तो असा.) आकडे जरा विचित्र दिसत होते, पण ते मद्रासकडचे असतील. डाव संपल्याचा आवाज झाला, तशी मी सगळी रीत विसरून ओरडले, "मामंजी, झाले माझे पंधरा! सांगलीला कधी जायचं?"

मामंजींनी सहा महिन्यांत ऐकलेला माझा हा पहिला आवाज.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "पंधरा माजं झाल्यात. तुजं दोन."

"नाही मामंजी, उजवी पट्टी माझी. मी बघत होते ना."

"कशात बघत हुतीस?"

"आरशात," असे म्हणता म्हणता मला उमगले. आरशात उजव्याचे डावे होते, या प्रश्नाला मी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. मी पूर्ण वेळ मामंजींच्याच खेळावर खूश होते!

"आबा, फारम भरला न्हाईसा त्ये बेस झालं," कंपाउंडर खिदळला. "शाळंतल्या पोरांचं डावं-उजवं केलं आसतं हिनं."

मामंजी उठून दारापाशी आले. वाकून त्यांनी माझ्या बाजूने फटीतून आरशात पाहिले.

"गप रं," ते कंपाउंडरला म्हणाले. "तिची चूक न्हाई. तिला म्होरं बसू दिलंय कुणी?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भाईर ये. हितं बस, माज्या शेजारी."

"आवं, लोकं काय म्हंतील?" आत्याबाई पुटपुटल्या.

"लोकं ठिपका बघत्यात. तिला कोण बघतंय?"

पदर सावरून मी त्यांच्या शेजारी घोंगडीवर बसले. या वेळी पट्टी खरोखर माझी होती, हे लगेच लक्षात आले, कारण ती सारखी चुकत होती. पंधरा-नऊ. आरशालाही दोष देता येईना. मी निमूट उठले.

"कुठं निगालीस? फारम आण."

"पण मामंजी, मी हरले."

"दिसलं की मला. म्होरं बसून हरलीस न्हवं? आण."

फौजी वळणाच्या एकेका अक्षराने त्यांनी अर्ज स्वतः भरला. 'खेळातील प्रावीण्य' हा रकाना कोरा सोडावा, असे मी सुचवले. त्यांनी ठामपणे लिहिले, 'टेनिस. दुसरा नंबर.'

मला प्रवेश मिळाला. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी त्या रकान्यावर बोट ठेवून कौतुकाने मान डोलावली. स्पर्धेत एकूण किती खेळाडू होते, हे त्यांनी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. माझ्या जागी तुम्ही असता, तर सांगितले असते का?